सर्व्होची भूक

सर्व्हो मोटर म्हणजे एकाच डबीत बसवलेली छोटी डीसी मोटर, तिचा वेग घटवून जोर वाढवणारे गिअर, दांड्याचा कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे सर्किट. एसजी-९० या ९ ग्रॅमच्या निळ्या सर्व्होला तीन तारा असतात. तपकिरी ग्राउंडची, लाल विजेची, नारिंगी हुकमाची. हुकूम म्हणजे सेकंदाला ५० वेळा येणारा स्पंद; तो १.५ मिलिसेकंदांचा असला की दांडा मधोमध थांबतो. हुकमाला वीज नगण्य लागते. भूक असते ती लाल तारेला.

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर रोबोचा हात बांधायचे सगळे सामान एका फेरीत मिळते. हुकूम देणारा आर्डुइनो उनो बोर्ड, चार एसजी-९०, तारा, आणि जाता जाता उचललेली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. फसगत करते ती ही बॅटरी. आकडा मोठा म्हणून ती दमदार वाटते. पण ती मल्टिमीटरसारख्या मिताहारी उपकरणांसाठी असते. आतला रोध जास्त असल्याने जरा जास्त प्रवाह ओढला की तिचा दाब कोसळतो. शिवाय ९ व्होल्टचे ५ करताना उनोवरचा रेग्युलेटर उरलेले ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो. अर्ध्या अँपिअरला ही उष्णता २ वॅट होते, आणि बोटाला चटका बसतो.

एसजी-९० स्वस्थ असताना काही मिलिअँपिअरवर भागवते. अडली, की सुमारे ७०० मिलिअँपिअर ओढते. थांबलेली मोटर सुरू होतानाही क्षणभर तेवढेच मागते. चारही सर्व्हो एकदम हलल्या, तर मागणी पावणेतीन अँपिअरवर जाते. यूएसबीतून उनोला मिळतो जेमतेम अर्धा. गावाकडे विहिरीवरची मोटर सुरू होताना घरातला दिवा मंदावतो, तसाच इथे बोर्डाचा दाब घसरतो. फरक इतकाच, की दिवा मंदावून सावरतो, बोर्ड मात्र रीसेट होतो. हात थरथरतो, मूळ जागी जातो, पुन्हा झटका देतो. विद्यार्थी रात्रभर प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो, आणि प्रोग्रॅम बिचारा निर्दोष असतो.

उपाय म्हणजे सर्व्होंना वेगळी वीज. एए आकाराचे चार निकेल-मेटल हायड्राइड सेल मिळून ४.८ व्होल्ट देतात. टेबलावरच्या प्रयोगाला ५ व्होल्ट, ३ ते ४ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर उत्तम. दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडले तर पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट होतात. हा दाब एसजी-९० जाळेल, म्हणून मध्ये दाब उतरवणारा बक कन्व्हर्टर हवा.

वीज वेगळी केली, तरी ग्राउंड एकच ठेवावे लागते. हुकमाचा स्पंद किती उंच आहे, हे सर्व्हो स्वतःच्या ग्राउंडपासून मोजते. बोर्डाचे ग्राउंड त्याला जोडलेले नसेल, तर या मोजणीला आधारच उरत नाही आणि सर्व्हो मनाला येईल तशी हलते. सर्व्होंच्या विजेवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, तर क्षणिक झटके तो सोसतो. त्याचे धन-ऋण टोक मात्र उलटे लागता कामा नये.

धातूच्या गिअरची एमजी-९९६आर ही एकटी अडली तरी अडीच अँपिअरपर्यंत जाते. इतका प्रवाह ब्रेडबोर्डच्या नाजूक पट्ट्यांतून नेऊ नये; जाड तारा थेट स्क्रू टर्मिनलला जोडाव्यात. १६ सर्व्हो सांभाळणाऱ्या पीसीए-९६८५ बोर्डावर त्यासाठी वेगळे टर्मिनल असते. तो बोर्ड फक्त हुकूम वाटतो. वीज बाहेरूनच द्यावी लागते.