दगड खाली ठेवणारे हात

मनमाडहून छत्रपती संभाजीनगराकडे येणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन लागते. एकीकडे शिवना नदीच्या काठची दाक्षायणी देवी, दुसरीकडे कांदा-कापसाची पेठ आणि मध्ये रेल्वेचे रूळ, असे या गावाचे सामान्य चित्र आहे. डिसेंबर उजाडला की गंगापूर, वैजापूर तालुक्यांच्या ख्रिस्ती वस्त्यांतून दारोदारी कागदी चांदण्या लागतात आणि पेटीच्या सुरांवर मराठी भजने ऐकू येऊ लागतात. त्या चांदण्या दिसल्या म्हणजे आम्हांस आमचा एक अपराध आठवतो. नाताळच्या मंगल पर्वावर वाचकांपुढे तो मांडावा असे पुष्कळ दिवस मनात होते. आज तो योग आला आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी लासूर स्टेशनावरील एका सप्ताहात आमचे कीर्तन होते. आख्यान अहल्येचे लावले होते. कीर्तनापूर्वी एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले की, गावातील एक तरुण लेक रात्रीची सासर सोडून कडेवर मूल घेऊन माहेरी आली आहे. तिच्याविषयी नाही नाही ते बोलले जाते. तेव्हा बुवांनी यावर दोन शब्द बोलावेत. आम्ही बोललो. नाव घेतले नाही. परंतु उत्तररंगात उंबरठा ओलांडणाऱ्या स्त्रीचा असा दृष्टान्त रचला की मंडपातील प्रत्येक मान स्त्रियांच्या बाजूकडे वळली. हशा झाला, टाळ्याही पडल्या. एक मुलगी मुलाला छातीशी धरून उठली आणि बाहेर गेली. आम्हांस त्या वेळी कीर्तन रंगल्याचे समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही फलाटावर आलो. गाडीस दीड तास उशीर होता. एक वृद्ध ख्रिस्ती बाई हातात किटली घेऊन आमच्याकडे आल्या. त्या निवृत्त शिक्षिका असल्याचे मागाहून समजले. ‘बुवा, चहा घ्या, थंडी फार आहे,’ असे म्हणून त्यांनी पेला पुढे केला. बोलता बोलता कळले की, ती मुलगी मंडपातून उठली ती घरी गेलीच नाही. मूल घेऊन ती रात्री याच फलाटाच्या टोकाला बसून होती. बाई कोणाला तरी गाडीवर पोहोचवायला आल्या होत्या, त्यांनी तिला पाहिले आणि घरी नेले. आम्ही ओशाळून विचारले, ‘बाई, मी काल काय बोललो ते तुमच्या कानावर आले असेलच.’ त्या म्हणाल्या, ‘आलं. पण तुम्हांला कोणी काय सांगितलं होतं, ते मला ठाऊक नाही. तिचं काय घडलं, तेही मी अजून विचारलेलं नाही. आत्ता तिला झोप लागली आहे, एवढंच ठाऊक आहे.’

या उत्तरात आमच्यावर एकही आरोप नव्हता. आणि म्हणूनच ते सहन होईना. बाईंनी आम्हांस दोष दिला असता तर आम्ही शास्त्राधार काढून वाद घातला असता. त्यांनी चहा दिला, रिकामा पेला घेतला आणि त्या निघून गेल्या. मुलगी मारहाणीला कंटाळून सासरहून निघाली होती, हे आम्हांस पुढे कित्येक महिन्यांनी कळले. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, बाईंनी तिला आसरा दिला तो ती निर्दोष ठरल्यावर नव्हे. निवाडा होण्याची वाट त्यांच्या करुणेने पाहिली नाही.

त्यानंतर आम्ही प्रथम ‘नवा करार’ लक्षपूर्वक वाचला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला मंदिराच्या आवारात उभे करून शास्त्री व परूशी ख्रिस्ताला विचारतात की, मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे हिला दगडमार करावयाचा, तर तुमचे म्हणणे काय? तो खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहीत राहतो. पुन्हा विचारल्यावर, ज्याच्या ठायी पाप नसेल त्याने पहिला दगड टाकावा, अशा आशयाचे तो बोलतो. मग एकेक जण निघून जातो. शेवटी त्या स्त्रीलाही तो दंड न देता, मात्र पुन्हा पाप न करण्यास सांगून, निरोप देतो. या कथेत पापाला पुण्य म्हटलेले नाही; माणसाला दगडापासून सोडविले आहे. अत्यंत प्राचीन हस्तलिखितांत हा प्रसंग आढळत नाही, असे अभ्यासक सांगतात. तथापि ख्रिस्ती समाजाने तो शतकानुशतके जपला, यातच त्याचे मोल आहे. त्यातील एक बारकावा आमच्या मनात रुतून बसला: वयोवृद्ध माणसे आधी निघाली.

शब्दांचा नाद आम्हांस लहानपणापासून आहे. ‘सैतान’ या शब्दाचे मूळ हिब्रू भाषेत असून त्याचा अर्थ विरोधक, फिर्यादी असा होतो. ग्रीक भाषेत त्याला ‘दियाबोलोस’ म्हणतात. म्हणजे निंदा करणारा, चहाडखोर. उलट योहान पवित्र आत्म्याला ‘पाराक्लेतोस’ म्हणतो. साहाय्यासाठी जवळ बोलावलेला, बाजू घेणारा कैवारी, असा त्याचा अर्थ. म्हणजे आरोप करणे हे सैतानाचे काम आणि पाठीशी उभे राहणे हे ईश्वराचे, असा निर्वाळा त्या धर्माच्या शब्दकोशानेच दिला आहे. आमच्या घरी तरी वेगळे काय आहे? गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी ‘अपैशुन’, म्हणजे चहाडी न करणे, हा गुण सांगितला आणि त्याच्या लगोलग भूतदया सांगितली. चहाडी जिथे थांबते तिथे दया सुरू होते. हा श्लोक आम्ही शेकडो वेळा म्हटला होता. त्याचा अन्वय लागला तो मात्र लासूरच्या फलाटावर.

करुणेचा हा ख्रिस्ती मार्ग महाराष्ट्राने एका थोर संस्कृत विदुषीच्या चरित्रात पाहिला आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. म्हणजे त्या आमच्याच वाटेवरच्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथील आश्रमात, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची भगिनी-सेविका शुश्रूषा करतात, असे त्यांच्या पाहण्यात आले. हे कशासाठी, असे विचारता एका सेविकेने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पाच पती झालेल्या त्या स्त्रीशी ख्रिस्त विहिरीवर बसून बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, तिचे सारे जीवन जाणूनही तिला धिक्कारीत नाही. या कथेचा आपल्यावर केवढा परिणाम झाला, हे रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे आरोपांचा वर्षाव त्यांच्यावरही झाला. १८८९ साली मुंबईत त्यांनी काढलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९३ साली, मुलींना बाटवितात, या आक्षेपावरून मोठे वादळ झाले. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. दुसरीकडे, त्या प्रत्येक गोष्टीत पंथाची आज्ञा मानीत नाहीत, म्हणून इंग्लंडमधील ख्रिस्ती वडीलधारेही नाराज होते. आक्षेप घेणाऱ्यांची भीती सर्वस्वी निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. धर्मांतराचा प्रश्न त्या काळी लहान नव्हता. रमाबाईंची लेखणीही रूढींवर आसूड ओढताना मवाळ झाली नाही. परंतु रूढीवर आरोप ठेवणे वेगळे आणि पिचलेल्या माणसावर ठेवणे वेगळे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली व विधवा आणल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावी ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथेच ज्यांना कोणतेही दार उघडे नव्हते अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ काढले. नावातच पाहा: न्यायसदन नव्हे, सुधारगृह नव्हे, कृपासदन! अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि आश्रमातील स्त्रियांनीच ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

आमच्या शेजारच्या नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तर कीर्तनातून ख्रिस्तकथा सांगत. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या दुःखाची हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली, पण वाचक पान मिटतो तेव्हा मनात राहते ते हसू, फिर्याद नव्हे. ज्यांच्यापाशी तक्रारीला सबळ कारण होते, त्यांनी तक्रार न करणे हीच क्षमेची खरी कसोटी होय.

आता आमच्या अपराधाचा शेवट. पुढील वर्षी त्याच गावी आम्ही पुन्हा अहल्याख्यान लावले. भर मंडपात सांगितले की, गेल्या वर्षी आम्ही ही कथा गौतमाच्या तोंडाने सांगितली. ती रामाच्या पावलांनी सांगावयास हवी होती. नंतर बाईंच्या घरी गेलो. ती मुलगी शिवणयंत्रावर बसली होती. आम्ही हात जोडले. ती म्हणाली, ‘बुवा, तुम्ही बोललात ते मी विसरले नाही. पण बाईंच्या घरात त्यावर बोलत नाहीत.’ तिने आम्हांस क्षमा केली किंवा कसे, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. आणि क्षमा मागणाऱ्याने ती मोजून मागावयाची नसते.

त्या बाई आता हयात नाहीत. आम्ही साठी ओलांडली आहे. दगड हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या जमावात वृद्ध आधी का निघाले, याचे उत्तर आम्हांस या वयात मिळाले: त्यांच्यापाशी आठवणी अधिक होत्या. वाचकहो, आज गावोगाव चांदण्या लागल्या आहेत. ज्याच्या जन्माचा हा उत्सव, तो परक्याच्या गोठ्यात जन्मला, असे त्याची कथा सांगते. त्याच्या आईलाही लोकांनी विचारायचे ते विचारले असेलच. आज आपल्या दारी कोणी आसऱ्याला आले तर आधी पाणी द्यावे, अंथरूण घालावे. चौकशी उद्या सकाळी करता येईल.