ब्रेक लागण्याआधीचे सतरा मीटर

अकरावी-बारावीच्या वर्गांबाहेर आता सायकलींच्या जोडीने स्कूटरही उभ्या दिसतात. शाळेच्या आवारात मनाई असेल, तर त्या शेजारच्या गल्लीत लावलेल्या असतात, एवढेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीपुरताच असतो. घरोघरच्या स्कूटर बहुतेक १०० घनसेंटिमीटरच्या पुढच्या. त्यांना अठरा वर्षे पूर्ण हवीत. हे मुलांना ठाऊक असते. आणि अठरावे वर्ष लागले म्हणून रस्ता काही सोपा होत नाही. म्हणून कायद्याच्या धाकाबरोबर भौतिकशास्त्राचा एक तासही द्यावा, असे आम्हांला वाटते.

त्यासाठी ३० सेंटिमीटरची पट्टी पुरेशी आहे. एकाने ती उभी धरावी आणि न सांगता सोडावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटे ठेवून ती चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर प्रतिसादाला सुमारे ०.२ सेकंद लागला. आता पकडणाऱ्याला सतराचा पाढा म्हणायला लावा. पट्टी बहुधा आणखी खाली जाते, कधी हातातून निसटतेही. मागे बसलेला मित्र गप्पा मारत असतो किंवा खिशातला फोन वाजतो, तेव्हा हेच होते.

रस्त्यावर तर काय घडते आहे हे ओळखायचे, ठरवायचे आणि मग ब्रेक दाबायचा. यासाठी एक सेकंद धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते. ताशी ६० ने जवळजवळ १७ मीटर. ब्रेक अजून लागलेलाच नाही!

पुढचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असे मानू. मग ४० ला आणखी १२ मीटर लागतात, ६० ला २८. एकूण अंतरे सुमारे २३ आणि ४५ मीटर. पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून रस्ता निसरडा झाला आणि ब्रेकचा परिणाम निम्म्यावर आला, तर १२ चे २४ आणि २८ चे ५६ होतात.

आता मुलांना खरा प्रश्न विचारा. दोघे शेजारी शेजारी चालले आहेत, एक ४० ने, दुसरा ६० ने. दोघांनाही एकाच क्षणी समोर म्हैस दिसते. पहिला जिथे थांबतो, तिथे दुसऱ्याचा वेग किती असेल? बहुतेक उत्तरे 'वीस' अशी येतील, कारण साठातून चाळीस वजा करण्याची सवय. गणित करून पाहा. दुसऱ्याचे १७ मीटर प्रतिसादातच गेले. ब्रेकसाठी उरले जेमतेम साडेसहा. तिथे त्याचा वेग निघतो ताशी ५२ किलोमीटर!

हेल्मेटचेही गणित असेच आहे. आतला थर्मोकोलसारखा थर चिरडतो आणि डोके थांबायला थोडा अधिक वेळ मिळतो. म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोक्याआधीच उडून जाते.

गणित झाले की मुलांना मैदानात न्या. चुन्याने शून्य, ११, १७, २३ आणि ४५ मीटरवर रेघा मारा, आणि एका मुलाला तेविसाव्या मीटरवर उभे करा.