वसईत विसावलेली पाणीवाली बाई

परवा टँकरच्या रांगेत आमच्या बचत गटातली एक नवी सून वैतागून म्हणाली, ‘‘ताई, हंड्याकळशीचं गाऱ्हाणं विधानसभेत कोण ऐकतंय?’’ मला चटकन मृणालताई गोरे आठवल्या. १७ जुलै २०१२ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तो आपल्या वसईतच. आणि या पोरीला नावही ठाऊक नाही!

मैत्रिणींनो, डॉक्टरकीचं शिक्षण सोडून मृणालताई समाजवादी चळवळीत उतरल्या. पती केशव ऊर्फ बंडू गोरे १९५८मध्ये गेले, तेव्हा ताई जेमतेम तिशीच्या, पदरात लहान मुलगी. आपण अशा वेळी दार लावून बसलो असतो. ताई मात्र १९६१मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्या अशा काही भांडल्या, की लोकांनीच नाव दिलं, ‘पाणीवाली बाई’!

१९७२ला त्या आमदार झाल्या. त्याच सुमारास महागाईविरुद्ध अहिल्याताई रांगणेकरांसोबत बायकांचा लाटणं मोर्चा काढला. आणीबाणीत तुरुंग, १९७७ला खासदारकी, १९८५ला पुन्हा विधानसभा. तिथे विरोधी पक्षनेतेपदही भूषवलं. पोटातली मुलगी ओळखून पाडण्याविरुद्ध त्यांनी सभागृहात आवाज उठवला. १९८८मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग चाचणीविरोधी कायदा केला, देशात सगळ्यांत आधी. केंद्राचा कायदा १९९४चा.

सुनेने हंडा खाली ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘‘पाण्याचा अर्ज मी लिहिते. सह्या तुम्ही गोळा करा.’’ रविवारी बसतोय आम्ही.