खाजणातले भातफूल
पनवेलच्या परिसरात, जेथे भरतीचे पाणी बांध फोडून शिरले की कसदार जमीनही नापीक होते, तेथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या खारभूमी संशोधन केंद्रातील पैदासकाराची हयात भाताच्या चिमुकल्या फुलापाशी खर्ची पडते. हे फूल दिवसा जेमतेम तासभर उमलते, बहुधा स्वतःच्याच परागाने फलित होते, आणि रोपावस्था वगळता भाताचे पीक याच समयी क्षाराला सर्वाधिक भिते. म्हणून संकर साधायचा तर उमलण्यापूर्वीच त्याचे टोक कातरून सहाही परागकोश काढावे, लोंबीवर पिशवी चढवावी आणि परागाचे आयुष्य मिनिटांचेच असल्यामुळे परके पराग विलक्षण त्वरेने शिंपावे लागतात. पुढे कित्येक पिढ्यांची निवड! ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे क्षारसहिष्णू वाण या केंद्राचेच. नावे मात्र एखाद्या कारकुनाने ठेवल्यासारखी रुक्ष.