वाचनखुणांची मातिका

बुद्धवचन प्रथम ग्रंथात नव्हते, ते कंठात होते. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर काही शतके भिक्खूंनी ते मुखोद्गत करून जतन केले. पुढे इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणीच्या काळी, ते श्रीलंकेत लिपिबद्ध झाले अशी परंपरा आहे. एवढे विशाल साहित्य टिकले ते केवळ स्मरणशक्तीच्या बळावर नव्हे. त्यामागे मांडणीची शिस्त होती. दीर्घ अशी ३४ सुत्ते दीघनिकायात, मध्यम लांबीची १५२ मज्झिमनिकायात, विषयवार वचने संयुत्तनिकायाच्या ५६ संयुत्तांत आणि संख्याक्रमाने आलेली अंगुत्तरनिकायाच्या ११ निपातांत. वग्गाच्या अखेरीस येणारे 'उद्दान' म्हणजे त्यातील सुत्तांची सूचीच होय. अभिधम्मातील 'मातिका' म्हणजे विवेचनाच्या विषयांची शीर्षके.

या परंपरेचे स्मरण करून देण्याचे कारण असे की, आजचा विद्यार्थी नेमका याच शिस्तीला मुकतो आहे. धर्मापुरीसारख्या गावी राहूनही आज त्रिपिटक वाचता येते. विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची पालि संहिता नागरी लिपीत संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे जे इंग्रजी खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केले, तेही महाजालावर मिळतात. परंतु वाचलेले पान पुन्हा सापडावे म्हणून ब्राउझरमध्ये केलेल्या वाचनखुणा, म्हणजे बुकमार्क, शेकड्यांनी साठतात आणि ऐन प्रबंध लिहिताना हवी ती खूण सापडत नाही. ज्या समाजाला ग्रंथापर्यंत पोहोचण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, त्याच्या विद्यार्थ्याने हाती आलेला ग्रंथ अव्यवस्थेपायी गमवावा, हे आम्हांस खेदकारक वाटते. म्हणून काही व्यावहारिक सूचना येथे करीत आहोत.

पहिली गोष्ट नावाची. ब्राउझर पानाचे जे शीर्षक आपोआप घेतो ते बहुधा निरुपयोगी असते. खूण करतानाच ते बदलावे. उदाहरणार्थ, 'दीघनिकाय १६, महापरिनिब्बान सुत्त, पालि, नागरी' असे लिहावे. बाबासाहेबांचे वचन असेल तर खंड व पृष्ठ नोंदवावे. याचा लाभ दुहेरी आहे. संकेतस्थळ उद्या बंद पडले तरी सुत्ताचा क्रमांक बदलत नाही. त्यावरून तेच सुत्त अन्यत्र शोधता येते. शिवाय बाबासाहेबांच्या नावावर आज अनेक निराधार वाक्ये फिरतात. ज्याच्या खुणेत खंड व पृष्ठ आहे, तो अशा वाक्याची शहानिशा तत्काळ करू शकतो.

दुसरी गोष्ट कप्प्यांची. कप्पे थोडे असावेत. प्रबंधाचे प्रत्येक प्रकरण हा एक कप्पा, 'वाचावयाचे' हा एक, 'मूळ ग्रंथ व कोश' हा एक. धर्मापुरीच्या चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराचा अभ्यास करणाऱ्याने शिलालेख, शिल्पे व राजवंश असे तीन कप्पे केले तरी आरंभास पुरेसे होतात. एकच पान दोन विषयांत मोडत असेल, तर फायरफॉक्समध्ये त्यास अनेक विषयचिठ्ठ्या जोडता येतात. क्रोममध्ये तोच विषयशब्द नावात घालावा म्हणजे शोध घेताना ते पान हाती लागते.

तिसरी गोष्ट अनित्यतेची. वाचनखूण हा केवळ पत्ता आहे. त्या पत्त्यावरचे घर आपले नसते. २००३ साली सुरू झालेली 'डेलिशस' ही वाचनखुणांची सेवा २०१७ मध्ये नव्या नोंदींस बंद झाली. गूगलची 'बुकमार्क्स' सेवा २०२१ मध्ये आणि 'पॉकेट' २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून महत्त्वाचे पान 'इंटरनेट अर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये साठवून तो पत्ताही जवळ ठेवावा. खुणांची संपूर्ण यादी एचटीएमएल धारिकेच्या रूपात निर्यात करण्याची सोय संगणकावरील क्रोम व फायरफॉक्स या दोहोंत आहे. कंट्रोल, शिफ्ट व ओ या कळा एकत्र दाबल्यास खुणांचे व्यवस्थापन उघडते. ही धारिका पेनड्राइव्हवर व ईमेलमध्ये, अशी दोन ठिकाणी ठेवावी.

चौथी गोष्ट सामाईक संगणकाची. ग्रंथालयातील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर स्वतःचे खाते उघडून खुणा जुळविल्यास, काम संपताच खात्यातून बाहेर पडावे व आपल्या खुणा त्या यंत्रावर राहिल्या नाहीत याची खात्री करावी. अन्यथा आपल्या खुणा परक्याच्या हाती जातात.

हे सारे एका बैठकीत होणारे नाही. उपासक-उपासिका पौर्णिमेस विहारात जातात. त्याच दिवशी अर्धा तास वाचनखुणांसाठी काढावा. मृत पत्ते काढून टाकावेत, दुबार नोंदी पुसाव्यात, 'वाचावयाचे' कप्प्यातील जे वाचून झाले ते योग्य प्रकरणात हलवावे आणि धारिका नव्याने निर्यात करावी. विहारातील अभ्यासगटाने अशा धारिका परस्परांस दिल्या, तर मागाहून येणाऱ्या विद्यार्थ्यास आरंभ शून्यापासून करावा लागणार नाही. भाणकांनीही आपापला निकाय असाच शिष्यांच्या स्वाधीन केला होता.