शेजार सांगणारा हायड्रोजन

साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणारं इथेनॉल कोल्हापूरकरांच्या चांगल्या ओळखीचं. 1951 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात याच इथेनॉलचा नमुना चुंबकात ठेवला, तेव्हा हायड्रोजनचा संकेत एका शिखराऐवजी तीन शिखरांत उमटला. रेणूतले सहा हायड्रोजन तीन, दोन आणि एक असे विभागले गेले होते. कोणता हायड्रोजन कोणाच्या शेजारी बसलाय, हे त्याच्या संकेतावरून कळत होतं. या प्रयोगावरच्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्माट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच एनएमआरचं काम उभं केलं.

एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. यातल्या ‘न्यूक्लिअर’ शब्दाने माणसं दचकतात. राजारामपुरीत याच तत्त्वावरचा एमआरआय काढायला गेलेला पेशंटही विचारतो, यात किरणोत्सर्ग किती? अजिबात नाही. हा ‘न्यूक्लिअर’ म्हणजे अणूचं केंद्रक, अणुभट्टी नव्हे. केंद्रक फुटत नाही, चुंबकीय क्षेत्रात फक्त रेडिओलहरींना प्रतिसाद देतं. एफएम रेडिओ शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास वाजतो; याच तंत्राने प्रोटीनची रचना शोधतात, तेव्हा पाचशे, आठशे मेगाहर्ट्झ वापरतात. जपायचं ते चुंबकापासून. दवाखान्यातला एमआरआय बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचा असतो, तर पाचशे मेगाहर्ट्झच्या यंत्राचं चुंबक 11.7 टेस्लाचं असतं आणि त्याची तारेची गुंडाळी उणे 269 अंशांवरच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते.

दुसरा समज असा, की मानवी प्रोटीन अभ्यासायचं म्हणजे माणसाच्या रक्तातून काढायचं. प्रत्यक्षात त्या प्रोटीनचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात आणि प्रोटीन त्याच्याकडून बनवून घेतात. मधुमेहाचं मानवी इन्शुलिनही असंच तयार होऊ लागलं. इथे जिवाणूचं खाणंसुद्धा खास असतं. नेहमीच्या कार्बनपैकी जेमतेम 1.1 टक्का कार्बन-13 असतो आणि एनएमआरला कामाचा तोच. म्हणून कार्बन-13चं ग्लुकोज आणि नायट्रोजन-15चं अमोनियम क्लोराइड खाऊ घालतात. मग शुद्ध केलेलं प्रोटीन अर्धा मिलिलिटर पाण्यात विरघळवून पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळीत भरतात. क्ष-किरण पद्धतीसारखा स्फटिक करावा लागत नाही.

सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे यंत्र प्रोटीनचा फोटो काढतं. फोटो निघतच नाही. यंत्रातून येतात ते शेकडो ठिपके, आणि एकेक ठिपका सांगतो, हे दोन हायड्रोजन साधारण अर्ध्या नॅनोमीटरच्या आत आहेत. अंतर दुप्पट झालं की हा संकेत चौसष्टाव्या हिश्शावर येतो, म्हणून फक्त जवळचेच शेजारी कळतात. गल्लीत कोणाचं घर कोणाला लागून आहे एवढ्याच माहितीवर अख्ख्या पेठेचा नकाशा काढायचा, तसं हे काम. ठिपक्यांची ही पद्धत 1980 साली स्वित्झर्लंडमध्ये मांडली गेली. निबंधावर रिचर्ड अर्न्स्ट आणि कुर्ट व्यूथ्रिख यांच्याबरोबर, किंबहुना त्यांच्या आधी, नाव होतं आपल्या अनिल कुमार यांचं. हेच पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नावारूपाला आले. एमआरआयची प्रतिमा बनवण्याच्या 1975 सालच्या पायाभूत निबंधातही ते होते. हे नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

‘अशा हिशेबावर विश्वास कसा ठेवायचा?’ ही शंका मात्र रास्त, आणि ती शास्त्रज्ञांनीच घेतली होती. व्यूथ्रिख यांनी 1985 साली एनएमआरने प्रोटीनची पहिली संपूर्ण रचना दिली, तेव्हा ती आधीच्या क्ष-किरण रचनेवर बेतलेली असणार, असं अनेकांना वाटलं. मग टेंडामिस्टॅट हे 74 अमिनो आम्लांचं प्रोटीन निवडलं. त्याची रचना व्यूथ्रिख यांच्या गटाने एनएमआरने आणि रॉबर्ट हूबर यांच्या गटाने क्ष-किरणांनी स्वतंत्रपणे काढली. दोन्ही जुळल्या. व्यूथ्रिख यांना 2002 साली नोबेल मिळालं.

एनएमआरची रचना एकच चित्र नसून बहुधा वीसेक चित्रांचा संच असतो, तो कच्चेपणा समजू नये. मोजलेल्या अंतरांत बसणारी ती सगळी रूपं आहेत. जिथे ती एकमेकांपासून फाकतात, तिथे अंतरं कमी मिळालेली असतात, आणि पुष्कळदा तो भाग खरोखरच हलता असतो.

आता संगणकच रचना सांगतो, मग एनएमआर कशाला? अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीच्या निर्मात्यांना 2024 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो योग्यच. पण प्रोटीन पाण्यात कसं हलतं, औषधाचा रेणू त्याला कुठे हलकेच चिकटतो, घडी कुठून सैल होते, हे मोजावंच लागतं. टाटा संस्थेत रामकृष्ण होसूर यांच्या गटाने मानवी सुमो-1 प्रोटीनची घडी अशीच तपासली. भौतिकशास्त्र घ्यावं की जीवशास्त्र, या पेचात असलेल्या आपल्याकडच्या बीएस्सीच्या मुलामुलींनी हे क्षेत्र जरूर पाहावं. इथे दोन्ही लागतं.