साहेब सुटला म्हणजे राजकारण सुटलं?

अप्रेझलचे निकाल लागले की अनेक ऑफिसांत एकच वाक्य ऐकू येतं: “बस झालं, आता स्वतःचंच काहीतरी सुरू करतो.” विचार वाईट नसतो, पण त्याच्याभोवती काही समज घट्ट बसलेले असतात. राग बाजूला ठेवून हिशेब मांडला, की त्यातले बरेच टिकत नाहीत.

गैरसमज १ : आपण बरं, आपलं काम बरं. राजकारणाशी आपला संबंध नाही.
वस्तुस्थिती : बढती माणसं ठरवतात, आणि जे काम त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही त्याचं श्रेय ती देऊ शकत नाहीत. निर्णय कोण घेतं, कोण कुणाचं ऐकतं, हे ओळखून असणं म्हणजे चमचेगिरी नव्हे. मीटिंगमध्ये ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने सगळ्यांना कळवलं, तर श्रेय लाटणं आणि खापर फोडणं दोन्ही अवघड होतं. महिला कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ मात्र ‘राजकारण’ म्हणून सोसायचा नसतो. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे.

गैरसमज २ : स्वतःच्या धंद्यात कुणाची मर्जी राखावी लागत नाही.
वस्तुस्थिती : निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच क्लायंटकडून येत असेल, तर तोच तुमचा साहेब, फक्त पीएफ आणि भरपगारी रजा न देणारा. त्याच्या ऑफिसातली गटबाजीही तुमच्यापर्यंत येते. काम सांगणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, बिल अडवणारा तिसरा. ‘नाही’ म्हणण्याची मुभा मिळते ती उत्पन्न चार-पाच ठिकाणी विभागलेलं असेल तरच.

गैरसमज ३ : करारावर सही केली आहे, म्हणून नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करता येणार नाही.
वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार, नोकरी संपल्यानंतर व्यवसाय करण्यावर बंदी घालणारी अट सहसा टिकत नाही. पण नोकरीत असेपर्यंत, म्हणजे नोटीस पिरियडमध्येही, बाहेरचं काम न करण्याची अट पाळावीच लागते. कंपनीची गोपनीय माहिती किंवा ग्राहकांची यादी सोबत नेणं म्हणजे तर वेगळंच कायदेशीर प्रकरण अंगावर घेणं आहे.

गैरसमज ४ : पैसे थकले, तर हात जोडण्याशिवाय इलाज नाही.
वस्तुस्थिती : एकट्याने सेवा देणाऱ्यालाही ‘उद्यम’ नोंदणी मोफत करता येते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. पैसे अडकल्यावर धावपळ करून उपयोग होईलच असं नाही.

गैरसमज ५ : हातात पगाराएवढे पैसे यायला लागले, की जमलं.
वस्तुस्थिती : पगाराच्या स्लिपखाली बरंच दडलेलं असतं. पीएफमध्ये कंपनी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या साधारण १२ टक्के भर घालते, ती थांबते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते, त्यामुळे घाईने राजीनामा दिला तर थोडक्यासाठी ती हुकू शकते. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर करही लागतो. कंपनीचा आरोग्यविमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधीच काढावी.

राजीनाम्याची तारीख या आकड्यांवरून ठरवावी. साहेबाच्या वागण्यावरून ठरवली, तर तीही त्यानेच ठरवल्यासारखी होते.